बामानं गुण आला

सारसोळे, नेरूळ
ता. ८ जानेवारी १९९८

ती. आक्कास,

जयमालेचा शिरसाष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, वजनही वाढलंय. दाजींचा गुडघा कसा आहे?

यावेळी कार्ड न लिहिता पाकीट पाठवतेय. तुमचा बाबासो पोस्टमन कार्ड आधी स्वतः वाचतो, मग गावाला सांगतो. यातलं थोडं फक्त तुझ्यासाठी आहे.

तुझ्या प्रियदर्शिनीला मुलगा झाला म्हणून आमच्या गुरू केशरबाईंनी अख्ख्या चाळीत पेढे वाटले. पुढच्या महिन्यात बारशाला ये, नातवाला मांडीवर घेऊन तूच आशीर्वाद दे, असं तू लिहिलंस. बारा वर्षांत पहिल्यांदा घरी बोलावलंस. तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. तरी उत्तराला पंधरा दिवस लावले. कारण सांगते, पण आधी गंमत ऐक.

परवा वाशीला एका नव्या सोसायटीत बधाईला गेलो. सुमेधा नावाची सून, पहिलं बाळ. आम्हा हिजड्यांची रीत तुला माहीत आहे, बाळ घेऊन नाचायचं, मग दुवा द्यायची. मी आपली दाराशीच टाळ्या वाजवत उभी. सासूबाई बाळ पुढे करतात आणि मी मागे सरकते. शेवटी म्हटलं, कंबर धरलीय. तर त्या बाई आतून बाम घेऊन आल्या आणि चक्क माझी कंबर चोळायला बसल्या. आमच्या पोरी हसून लोळल्या.

केशरबाई मात्र हसल्या नाहीत. घरी येऊन म्हणाल्या, "चार महिने बघते मी. पोराला हात लावत नाय तू. काय झालंय?"

आक्का, झालंय ते असं. गणपतीच्या आधी दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. एड्सचा विषाणू. एक माणूस होता, निरोध नको म्हणायचा, आणि मला त्याला नाही म्हणता आलं नाही. आता म्हणते. दवाखान्यातून पिशवीभर निरोध आणून रबाळ्यापर्यंत आमच्या पोरींना वाटते, नाही म्हणायलाही शिकवते. सगळ्या मला निरोधमावशी म्हणतात.

हात लावल्यानं काही होत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. मी मान डोलावली, पण हातांना धीर होत नव्हता. काल केशरबाईंनी मला धरून पुन्हा त्यांच्यासमोर बसवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जयमाला, हा संबंधातून जातो, रक्तातून जातो. मांडीवरून नाही जात."

तिथून तडक वाशीला गेले. सासूबाईंना म्हटलं, बामानं गुण आला. बाळ मांडीवर घेतलं आणि त्यानं माझी नवी साडी भिजवली. मी खूप रडले. त्यांना वाटलं, साडीसाठी.

पुढे काय होईल ते डॉक्टरीणबाईंनाही सांगता येत नाही. मला भीती वाटते आक्का, पण रोज नाही.

दवाखान्याचा माहितीचा कागद सोबत ठेवलाय. गावात कुणाला सांगू नकोस, पण प्रियदर्शिनीला सांग, बाळ तिचं आहे. ती हो म्हणाली तर कार्डावर एवढंच लिही, 'कंबर बरी असेल तर ये.' बाबासोनं खुशाल वाचावं. कार्ड आलं नाही तर मी रागावणार नाही, झबलं पोस्टानं पाठवीन.

पिवळं शिवलंय. ते मला माझ्या हातानं घालायचंय.

रोज दुपारी पोस्टमनच्या वाटेवर उभी असणारी,
तुझी धाकटी,
जयमाला