टिमन्स घळीतलं ओझं

डलूथ, २४ ऑगस्ट १९८६

चि. ऑर्व्हल यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणजे तिकडे सगळं ठीक असणार. काही मोडलं, हरवलं किंवा जळलं तरच तुला बहीण आठवते. इथे सरोवरावरचा वारा आतापासूनच बोचायला लागलाय. बर्टच्या खुब्याचं ऑपरेशन बारा सप्टेंबरला ठरलंय. नंतर सहा आठवडे तो पलंगावर आणि मी त्याच्या उशाशी.

पण आज लिहायचं कारण मर्ल. त्याची बायको रोविना फोनवर सांगत होती की डॉक्टरांनी त्याची छाती तपासून जड उचलायला सक्त मनाई केलीय. मी त्याला विचारलं तर म्हणाला, ताई, त्या डॉक्टरला स्वतःला तरी काय उचलतंय, हात बघ त्याचे, शेवग्याच्या शेंगा! सत्तेचाळीस वर्षांचा घोडा झाला, पोरगी चौदाची झाली, तरी वाह्यातपणा जात नाही.

सप्टेंबर आला की तुम्ही दोघं धनुष्यं घेऊन सरकारी रानात शिरणार, ते मी थांबवू शकत नाही. आईला बाबांचं थांबवता आलं नाही, तिथे माझी काय कथा. पण तू थोरला आहेस. त्याच्या पाठीवर ओझं चढू देऊ नकोस. तसं मला लिहून पाठव. तुझं तोंडी मी धरत नाही.

बोलते फार, पण जीव आहे म्हणून. लोभ आहेच, तो वाढव.
तुझी,
लेटाताई


सॅमन, आयडाहो, ३ सप्टेंबर १९८६

ती. ताईस ऑर्व्हलचा सा. न. वि. वि.

घे, लिहून देतो. मर्लच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि भाकरतुकड्याखेरीज काही चढणार नाही. आमचं ठरलंय. टिमन्स कड्याच्या माथ्यावरच बसायचं, कड्याखाली बाण सोडायचा नाही. घायाळ एल्क-सांबर नेहमी उताराला पळतं, आणि खाली घळीत पडलं की त्याचं मांस पाच मैल चढावर पाठीवरून आणावं लागतं. माथ्यावर मारलं तर टॉलिव्हरची भाड्याची खेचरं थेट पोचतात. मर्लने फक्त साद घालायची. ते काम त्याच्याइतकं चांगलं या जिल्ह्यात कोणी करत नाही. परवा अंगणात गंमत म्हणून नराची आरोळी काढली, तर शेजारणीच्या गाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या.

अकरा वर्षं झाली, त्याच्या स्वतःच्या बाणाला मोठा नर मिळालेला नाही. त्यावरून मी त्याला चिडवतो. तो म्हणतो, मी वऱ्हाडाला आवतण देणारा भट, जेवणारे तुम्ही.

ऊन अजून भाजून काढतंय. बर्टरावांना नमस्कार, म्हणावं आता नवा खुबा घालून नाचायला या.
अशीच रागे भरत राहा.
तुझा,
ऑर्व्हल


डलूथ, २९ सप्टेंबर १९८६

चि. ऑर्व्हल यास अनेक आशीर्वाद.

काय लिहू? माझ्या पाठच्या भावाला मी मूठभर माती देऊ शकले नाही. बर्ट उठून बसू शकत नव्हता, आणि मी इथे त्याचं भांडं उचलत होते, तेव्हा तिकडे मर्लला खाली ठेवत होते. आई असती तर मला माफ केलं नसतं तिने.

फोनवर रोविना दोनच वाक्यं बोलली. मग जोलीनने फोन घेतला. पोरगी म्हणाली, आत्या, बाबांनी मोठा नर मारला. सापडले तेव्हा शिंगं त्यांच्या पाठीवर बांधलेली होती. ती रडत होती आणि तिच्या आवाजात अभिमानही होता. त्या आवाजाने मला जरा धीर आला. अकरा वर्षांची त्याची इच्छा पुरी झाली, मग त्याला नेलं, असं मी मनाला समजावते.

ऑर्व्हल, त्याला शेवटचं तू पाहिलंस. मला सगळं सविस्तर लिही. आणि स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. तो कोणाचं ऐकणारा नव्हता, हे मला ठाऊक आहे. आता आपण दोघंच उरलो. जप स्वतःला.
तुझी,
ताई


सॅमन, १२ ऑक्टोबर १९८६

ती. ताईस सा. न.

पत्र पोचलं. सविस्तर लिहिण्यासारखं फारसं नाही. चौदा तारखेला दुपारी घळीतून वर येताना मर्लची छाती धरली. मी धावत गाडीपर्यंत गेलो, शेरीफची माणसं घोडे घेऊन आली, पण उपयोग झाला नाही. उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी पहाटेच टॉलिव्हर आणि त्याच्या भावाने बाहेर काढलं. एक तुकडाही वाया गेला नाही. सगळं रोविनाच्या फ्रीजरमध्ये आहे.

माझी तब्येत ठीक. लाकडाच्या ट्रकवर परत जायला लागलोय. बर्टरावांना जपा.
आपला,
ऑर्व्हल


डलूथ, १८ जानेवारी १९८७

चि. ऑर्व्हल यास आशीर्वाद. वि. वि.

तीन पत्रं टाकली, नाताळचा स्वेटर पाठवला, आणि तुझ्याकडून चकार शब्द नाही. स्वेटर आखूड झाला असेल तर तसं कळव, मी उसवून पुन्हा विणीन. पण गप्प बसू नकोस. शिवाय मागच्या पत्रात तू मला "आपला" लिहिलंस. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. मी काय तुझी बँक आहे?

रोविना लिहिते की तू त्यांच्याकडे फिरकत नाहीस. किराण्याच्या दुकानात ती दिसली की तू रस्ता ओलांडून पलीकडे जातोस. अरे, नवरा गेलेल्या बाईला असं वाळीत टाकतात का? जोलीनने ती शिंगं बैठकीत लावलीत आणि खाली पितळी पट्टीवर बापाचं नाव कोरून घेतलंय. काकाने येऊन बघावीत, असं तिला फार वाटतं. काय झालंय तुला? दारू तर नाही ना?

खरं ते लिही. मी म्हातारी झाले असले तरी मोडणार नाही.
माया आहे तशीच आहे.
तुझी,
ताई


सॅमन, ८ फेब्रुवारी १९८७

ती. ताईस ऑर्व्हलचा सा. न.

दारू नाही. दारू परवडली असती.

तो नर मर्लने मारला नाही. बाण माझा होता.

त्या दिवशी सकाळी मर्ल माथ्यावरच्या झाडाआड बसून साद घालत होता. खालून नराने उत्तर दिलं. असा आवाज मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. नर अर्ध्या उतारावर येऊन अडला, पुढे येईना. मी म्हटलं, जरा खाली सरकतो, नुसता बघतो. सरकत सरकत वीस पावलांवर पोचलो. त्याने मान वळवली, बरगडी उघडी पडली. ताई, तुला लिहून दिलेला शब्द तेव्हा मला आठवला होता. आठवला नव्हता असं मी म्हणू शकलो असतो, पण आठवला होता. तरी मी बाण सोडला. तो उताराला पळाला आणि तळाशी ओढ्यात जाऊन पडला.

टॉलिव्हरची खेचरं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोकळी होणार होती. ऊन असं की तोवर हाडाजवळचं मांस सडलं असतं. मी मर्लला म्हटलं, तू गाडीत बस, मी एकटा खेपा करतो. तो हसला. म्हणाला, तू हमाली करणार आणि मी काय नवरीसारखा गाडीत बसू? मी एकदाच नको म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मला मांस हवं होतं, शिंगं हवी होती, आणि एकट्याने सहा खेपा नको होत्या. हे खरं कारण आहे. पहिल्या खेपेला त्याने पुढच्या पायाचा फरा नेला, काही झालं नाही. दुसऱ्या खेपेला मीच हलकं म्हणून डोकं आणि शिंगं त्याच्या पाठीला बांधली. गाठी मी मारल्या.

घोडेवाले आले, त्यांनी ती शिंगं पाहिली. शेरीफचा माणूस टोपी काढून म्हणाला, मर्लला शेवटी मिळाला तर! मी तिथे उभा होतो. काही बोललो नाही. मग चर्चमध्ये पाद्री तेच बोलले, जोलीन तेच बोलली. दर दिवसागणिक तोंड उघडणं आणखी अवघड होत गेलं. आता तर पितळेवर कोरलंय.

स्वेटर बरोबर बसतो.
लोभ ठेव असं लिहायला धजत नाही.
ऑर्व्हल


डलूथ, १ मार्च १९८७

ऑर्व्हल,

तुझं पत्र वाचून मी दहा दिवस लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते परत घेता आलं नसतं. बर्टने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, डोकं दुखतंय. बघ, खोटं बोलायला मलाही वेळ लागला नाही.

राग आहे. लपवत नाही. तू मला लिहून दिलं होतंस. तो कागद मी पेटीत ठेवलाय, काढून दोनदा वाचला, दोनदा फाडायला घेतला. पाच वर्षांचा होतास तेव्हा मर्लला पाळण्यातून तू पाडलं होतंस आणि आळ मांजरावर घातला होतास. आईने तुला नव्हतं मारलं, मला मारलं, लक्ष ठेवलं नाही म्हणून. आजही तसंच वाटतंय, मला मारायला कोणी उरलेलं नाही एवढंच.

पण हे माझ्यापाशी बोलून भागणार नाही. मी हजार मैलांवर आहे, मला सांगणं सोपं. रोविनाच्या दारात जा. पत्र नको, फोन नको. टोपी हातात घेऊन जा आणि जे मला लिहिलंस तेच शब्द बोल. ती हाकलून देईल तर हाकलून घे. त्याआधी मला लिहू नकोस.
लेटा


सॅमन, २७ एप्रिल १९८७

ती. ताईस ऑर्व्हलचा सा. न. वि. वि.

गेलो होतो. लगेच नाही, चार आठवडे लागले. तीनदा फाटकापासून परत आलो.

रोविना ओट्यापाशी कणीक मळत होती. मी दारातच उभा राहून सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर ती म्हणाली, भावजी, मला तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे. मर्लचे कपडे कागदी पिशवीतून परत आले, तेव्हा शर्टाच्या खिशात त्याच्या परवान्याची चिठ्ठी होती. जनावर मारलं की तारीख कापून जी त्याला बांधावी लागते, ती. घडी मोडलेली नाही, तारीख कापलेली नाही. ज्याने मारला त्याची चिठ्ठी खिशात कोरी कशी राहील?

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, ते माझं बोलणं नव्हतं, तुमचं होतं. मी वाट बघत होते. मग पहिल्यांदा तिचा आवाज चढला. म्हणाली, बाण सोडलात ते मी गिळीन कधीतरी. मर्लनेही सोडला असता, मी ओळखते तुम्हा दोघांना. पण त्याच्याजवळ शेवटी तुम्ही एकटे होता, आणि मला दिसलात की रस्ता ओलांडत होता. सात महिने मी कोणाला विचारायचं होतं? भिंतीला?

जोलीनला तिने तेव्हाच हाक मारली आणि मलाच सांगायला लावलं. पोरीने स्क्रू-ड्रायव्हर आणून पितळी पट्टी काढली, खोलीत गेली, दार लावून घेतलं. अजून माझ्याशी बोलत नाही. बोलेल असं मी धरून चालत नाही.

मग रोविनाने मला बसवलं आणि म्हणाली, आता पहिल्यापासून सांगा, सकाळपासून. मी सांगत गेलो. ती मध्येच बारीकसारीक विचारी. न्याहारीला काय खाल्लं? थंड बटाटे आणि डुकराच्या मांसाचा तुकडा. पाय दुखतो म्हणाला का? नाही. हसला का? खूप, ओढ्यात माझा पाय घसरला तेव्हा. आणि शेवटी? शेवटी, ताई, हे मी तुलाही लिहिलं नव्हतं. मी त्याच्याजवळ नव्हतोच. चढावर तो म्हणाला, तू हो पुढे, बुटाची नाडी बांधतो आणि आलोच. मी गेलो पुढे. चाळीसएक पावलं. वळून हाक मारली, तर तो दगडाला टेकून बसलेला, एक हात बुटावर. मला वाटलं, दम खातोय. म्हणून मीही तिथेच बसून दम खाल्ला. किती वेळ, ते मला सांगता येत नाही.

रोविनाने एप्रन पदरासारखा तोंडाशी धरला. मला वाटलं, आता जा म्हणेल. तिने कॉफी ओतली आणि म्हणाली, पुढच्या रविवारी या. मला पुन्हा ऐकायचंय.

तेव्हापासून दर रविवारी जातो. चौथा झाला काल. ती तेच विचारते, मी तेच सांगतो, एक शब्द इकडचा तिकडे झाला तर ती दुरुस्त करते. दर वेळी शेवटपर्यंत जातो. काल मात्र नाडीपाशी आलो, तर तिने हात वर केला आणि म्हणाली, आज इथवरच.

तुझा राग आहे तेवढा राहू दे, पण पत्र तोडू नकोस.
तुझा भाऊ,
ऑर्व्हल