ढोल्याचं मत

२ डिसेंबर

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद.

आई आणि मी ठीक आहोत. तिचा गुडघा आहे तसाच आहे. दाताच्या डॉक्टरांना सगळ्या कवळ्या आजच्या आज हव्या असतात, त्यामुळे माझी मान दिवसभर साच्यांवर वाकलेली असते. गिऱ्हाइकांना दात मिळतात, मला मानदुखी.

डिसेंबर लागला, म्हणजे यादीचा महिना. शाळेपासून आपण तिघं वर्षातल्या दहा रॉक अल्बमांची क्रमवारी लावतोय आणि दरवर्षी त्यावरून अबोला धरतोय. यंदा मधला, आपला ढोल्या, गेला आणि आपण दोन टोकं उरलो, म्हणून मी गप्पच होतो. पण विषय आईनेच काढला. जन्मभर तिने आपल्या गाण्यांच्या नावाने कपाळावर हात मारला. ढोल्याच्या लाडक्या बँडला 'बोंबले' म्हणाली, माझ्यांना 'झोपाळू' आणि तुझ्यांना 'रडके'. आणि परवा म्हणते, यादी मोडू नका, त्याला आवडायचं नाही.

तर ढोल्याचं मत तू द्यायचंस. आजारपणात तो तुझ्याकडे होता, शेवटपर्यंत त्याच्या उशाशी तूच होतीस. बोंबल्यांचा नवा अल्बम नऊ वर्षांनी आला, तोही ढोल्या गेल्यावर दोन आठवड्यांनी. मी ऐकलाय. आजवर त्यांना शिव्याच दिल्या, पण या खेपेला माझी बोलती बंद झाली. चौथ्या गाण्यात गिटार एकदम थांबते आणि नुसते ड्रम उरतात, तिथे मला काम बाजूला ठेवावं लागलं. ढोल्याचा पहिला नंबर कोणाला जाणार हे उघडच आहे, नियम म्हणून विचारतो.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो भांडणातही कमी व्हायचा नाही.

तुझा,
दादा

*

११ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आमच्या पडद्यांच्या दुकानात एका हॉटेलचं मोठं काम आलंय. दिवसभर निळी मखमल शिवते आणि घरी आल्यावर भातही निळा दिसतो. ढोल्याची खोली अजून आवरली नाही. पलंगाच्या लोखंडी कडेवर तो चमच्याने ताल धरायचा, तिथला रंग उडालाय. घरमालकीणबाई विचारत होत्या, दुसरं कोणी ठेवणार का. बघू म्हणाले.

दोन्ही याद्या सोबतच्या कागदावर आहेत. घोटाळा नको म्हणून इथेही लिहिते: बोंबल्यांचा नवा अल्बम ढोल्याच्या यादीत दहावा आहे. माझ्याही. तुझ्या झोपाळूंना मी चौथा नंबर दिलाय, तेव्हा कुरकुर करू नकोस.

आईला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
चिंगी

*

१६ डिसेंबर

चि. चिंगीस,
आशीर्वाद.

यादी वाचली आणि वाटलं, कागद उलटा धरलाय. दहावा? बोंबल्यांसाठी हा माणूस माझ्याशी हाणामारीवर आला होता. सलाईन लावायला आलेल्या नर्सलाही तो 'अल्बम आता येईलच' असं सांगत बसायचा, हे तूच लिहिलं होतंस. त्याच्या नावाने तू दहावा नंबर लिहितेस?

तुझं मत तुझं, त्यात मी नाक खुपसत नाही. रडके ऐकून ऐकून तुझे कान बिघडलेत म्हणून सोडून देईन. पण त्याचं मत तुझ्या मालकीचं नाही, ते आपण तुझ्याकडे सोपवलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गाणं न गाळता ऐकल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा नियमही त्याचाच. मला वाटतं, तू तो ऐकलाच नाहीस. आणि ऐकूनही दहावा दिला असशील, तर एका घरात राहूनही तू त्याला ओळखलं नाहीस.

आईला यादी दाखवलेली नाही. दुरुस्त करून पाठव.

दादा

*

२१ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ऐकलाय. पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच्या खोलीत, त्याच्याच हेडफोनवर.

तुला चौथ्या गाण्याला कळलं, मला पहिल्यालाच कळलं. मी त्याच्या पलंगावर बसून विनवत होते की पुढचं तरी फसू दे. फसलं नाही रे. एकसुद्धा नाही. तू लिहिलेले ते ड्रम आले तेव्हा मी हेडफोन काढून भिंतीवर मारणार होते, पण ते त्याचे आहेत.

तुला एक सांगितलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तो मला म्हणाला, चिंगे, अल्बम भंगार निघाला तर मी सुटलो, चांगला निघाला तर मात्र माझी पार फसगत झाली बघ. हसत म्हणाला. मीही हसले आणि त्याला सांगितलं की भंगारच असणार, नऊ वर्षं बसून राहिलेली माणसं काय कप्पाळ वाजवणार. त्यावर तो निवांत झोपला.

आता पहिला नंबर कसा देऊ? तो दिला की त्याचं काय हुकलं ते रोज डोळ्यांसमोर येतं. दहावा दिला की निदान वाटतं, फार काही गमावलं नाही त्याने. मी त्याला ओळखलं नाही म्हणतोस. ओळखलं म्हणूनच हे सोसवत नाही, दादा. यादी हवी तर तूच दुरुस्त कर. माझ्या हातून होणार नाही.

रागावू नकोस. तू रागावलास तर भांडायला आता मला दुसरं कोणी नाही.

तुझी,
चिंगी

*

२६ डिसेंबर

चि. चिंगीस,
अनेक आशीर्वाद, आणि कान धरून माफी.

मी फार वाईट लिहिलं. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, लाव तो अल्बम. समोर खुर्ची ओढून बसली आणि सगळा ऐकला, मध्ये पाण्यालाही उठली नाही. संपल्यावर बराच वेळ चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, कसला हा कलकलाट, पोराचं काही चुकलं नाही. तोंड धुवायला म्हणून आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

रविवारी आम्ही दोघं तुझ्याकडे येतोय. खोली मिळून आवरू, नाहीतर नुसते बसू.

यादी पक्की केली आहे. मीही तो अल्बम पुन्हा ऐकला आणि माझं मत बदललं. अगदीच टाकाऊ आहे. माझ्याही यादीत दहावा. आपल्या तिघांचं एकमत आजवर कशावरच झालं नव्हतं, ते यंदा झालं.

तुझाच,
दादा