मालकीणबाईंची सही

ग्वादालाहारा, रविवार

एलियासार,

दुपारी जेवणात मी पोसोलेचं सूप वाढताना तू सगळ्यांसमोर विचारलंस, "काय मालकीणबाई, नोकरी पक्की आहे ना माझी? मग यादिराच्या वडिलांना लग्नाची तारीख कळवून टाकतो!" आई हसली, यादिरा लाजली, आणि मी म्हटलं, "कळव की! मला काय विचारतोस?"

मला शुक्रवारपासून ठाऊक होतं रे.

तू काम करतोस डेन्व्हरच्या लोकांचं. पण मेक्सिकोत त्यांची कंपनी नाही, म्हणून कागदोपत्री तुझी मालक आमची कंपनी आणि तिच्या वतीने सही करणारी मी. अशा चारशे जणांची मी मालकीण आहे, आणि त्यांतल्या फक्त तुझाच चेहरा मी पाहिलाय. शुक्रवारी डेन्व्हरहून कमी करायच्या माणसांची नऊ नावं आली. तुझं चौथं. या नोकरीसाठी तुझं नाव सुचवलं होतं तेही मीच.

आधी सांगितलं तर माझी नोकरी जाईल, आणि आईच्या औषधपाण्याचा विमा माझ्याच नोकरीवर आहे. सही नाही केली तर शेजारच्या टेबलावरचा रामिरो करेल. म्हणून हे पत्र तुला मिळणार नाही.

उद्या दहा वाजता मी फोनवर तुला कामावरून काढल्याचा कागद वाचून दाखवीन. त्यात मला तुला 'आपण' म्हणायचंय. शेवटी नियमाप्रमाणे विचारावं लागतं, "आपल्याला काही विचारायचं आहे का?"

तेव्हा दुपारचंच परत विचारू नकोस.

तुझी थोरली बहीण,
नोएमी