तिसरी बातमी

सोमवार, ३ मार्च

उपसंपादकानं माझी तीन विशेषणं कापली. दिवसाढवळ्या! मी लिहिलं होतं, 'अचल, अविचल, अभेद्य गोलरक्षक'. छापून आलं, 'गोलरक्षक'. म्हणतो, "सर, जागा नव्हती." शेजारच्या जाहिरातीत एक बाई गादीवर अर्धं पान पसरून झोपली आहे, तिला जागा होती! गुरुजींनी छडी उगारून पाठ करून घेतलेलं संस्कृत, गेलं केराच्या टोपलीत.

गोलरक्षक माझीच मुलगी. संपादक म्हणाले होते, "घरचंच कार्य, तुम्हीच लिहा!" काल उपांत्य सामन्यात चेंडू अडवताना तिचं डोकं खांबावर आदळलं. उठली, खेळली, जिंकली. आता शनिवारी अंतिम सामना.

मंगळवार, ४ मार्च

डॉक्टर म्हणाले, मेंदूला धक्का बसलाय, महिनाभर मैदान बंद. प्रशिक्षक म्हणाला, "किरकोळ आहे हो सर! पोरगी वाघीण आहे."

"डोकं तुमचं असतं तर?"

"तर मी खेळलो असतो."

पटलं. त्या डोक्यात इजा होण्यासारखं काही नाहीच.

बुधवार, ५ मार्च

जेवताना तिनं विचारलं, "आत्याचा फोन आला होता?" नाही म्हटलं. पेल्यातलं पाणी संपायच्या आत पुन्हा तेच. हिनं, तिच्या आईनं, माझ्याकडे पाहिलं नाही, मी हिच्याकडे.

मग म्हटलं, "शनिवारी खेळायचं नाही."

"बाबा, अडवलंत तर जन्मात बोलणार नाही."

"नको बोलूस!"

दार आपटलं — आधी तिनं, मग मी. बिजागऱ्या भक्कम आहेत.

गुरुवार, ६ मार्च

क्लबनं कळवलं : खेळाडू सज्ञान आहे, वडिलांच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. सज्ञान!

शुक्रवार, ७ मार्च

ही म्हणते, "मी देवावर सोडलंय." भडकलो. देव काय खांबाला उशी बांधून उभा राहणार आहे? ही भाजी निवडतच म्हणाली, "मग तुम्ही कुणावर सोडलंय?"

देवाची सहस्र नावं मला लहानपणापासून पाठ आहेत. आंघोळ करताना म्हणू लागलो — भक्तीनं नव्हे, झापल्यासारखी. मध्येच अडलो. पुढचं नाव आठवेना. त्याचाही राग त्याच्यावरच काढला.

शनिवार, ८ मार्च

संध्याकाळचा सामना असला की आमच्याकडे दोन बातम्या आधीच लिहून ठेवतात. एक जिंकल्याची, एक हरल्याची. शेवटची शिट्टी झाली की गोल भरायचे, एक पाठवायची, दुसरी फेकायची. आज दोन्ही लिहिल्या. तिसरी लिहायची पद्धत नाही. पण तिची वाक्यं मनात आपोआप जुळत होती, आणि काय सुरेख जुळत होती! थू माझ्या लेखणीवर.

जिंकली! तीनदा सूर मारला, डोकं कुठंही लागलं नाही. प्रशिक्षकानं मला मिठी मारली. मी त्याला ढकललं नाही, ह्याचा संताप अजून उतरलेला नाही.

रविवार, ९ मार्च

तिन्ही विशेषणं छापून आली. पहिल्या पानावर, फोटोसकट.

ती चहाचा कप घेऊन शेजारी बसली. फोटो बराच वेळ पाहिला. अबोला तिनंच सोडला. "बाबा, फायनल कधी आहे हो?"

मला भीती वाटते आहे. फार.