बंद पडलेल्या क्लबचे सुतक

रविवार, तोआ पायोह

जावई मातेओचा होंडुरासमधील फुटबॉल क्लब काल कायमचा विसर्जित झाला. आज माझ्या मुलीने, वृंदाने, सुतकात करतात तसे फोडणीविना वरण केले. मी हरकत घेतली : सुतक माणसाचे असते, संस्थेचे नव्हे.

"बाबा, इथे कोर्ट भरलेलं नाही," वृंदा म्हणाली.

मातेओ शांतपणे म्हणाला, "माझे वडील क्लबचे गोलकीपर होते. ते गेल्यावरही दर सामन्याआधी मैदानात त्यांचं नाव पुकारलं जायचं. आता कोण पुकारणार?"

माझा मुद्दा अचूकच होता. मग तो मांडलाच कशाला? ते फोडणीविना वरण निमूटपणे खाता आले नसते?

अखेर वडिलांचे नाव विचारले.

"रामोन."

मी ते मोठ्याने उच्चारले. मातेओचा घास हातातच राहिला.