पाचवी आणि नववी आज्ञा

प्रिय चिमणे,

अकरा वर्षांनी ताईचं अक्षर पाहून तू पाकीट फाडशील, अशी धास्ती आहे. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

बाबा ठणठणीत आहेत. बाइंडिंगच्या कारखान्यातून निवृत्त झाले, पण तोरा फोरमनचाच. रविवारी सुटलेलं बटण शिवायला अजून बंदी, कारण तो देवाचा दिवस. कुणी सहज 'देवाशपथ' म्हणालं, तर हातातला घास ताटात ठेवतात. बायबलातल्या दहा आज्ञांवर ही एक जादा, म्हणून कामगार पाठीमागे त्यांना 'अकरावी आज्ञा' म्हणायचे, आठवतं? आपण दोघी तोंडावर उशी दाबून हसायचो. आता ते आठवलं की हसू येत नाही.

त्या दुपारी कागद कापायच्या मशीनच्या पात्यापुढची संरक्षक जाळी बाबांनी स्वतःच्या हातांनी काढली होती. काम लवकर उरकायचं होतं. मी ऑफिसात टायपिंग करत होते, तू त्यांचा डबा घेऊन आली होतीस. काचेतून दोघींनी पाहिलं. मशीनवरचे बाइंडरकाका नको नको म्हणत होते आणि बाबा ओरडले, "मी सांगतोय ना, चालव!" पंधरा मिनिटांत काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी आपल्याला टेबलाशी बसवलं, बायबल उघडलं आणि पाचव्या आज्ञेवर बोट ठेवलं. आईबापांचा मान राखा. जाळी बाइंडरनेच काढली, एवढंच सांगायचं. तू म्हणालीस, "आणि खोटी साक्ष देऊ नका, ही नववी? ती काय रद्दीत घातली, बाबा?" त्यांनी तुझ्या थोबाडीत मारली. मी मान खाली घालून टेबलक्लॉथच्या दशा ओढत बसले.

तू शाळकरी पोर, तुला कुणी विचारलंच नाही. मी मात्र त्याच बायबलवर हात ठेवून धडधडीत खोटं बोलले. काकांची नोकरी गेली. घरी आल्यावर बाबांनी देवाचे आभार मानले, दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली. मग तोच ओला हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "आज्ञाधारक लेक!" किळस आली मला. त्यांची आलीच, पण मी "हो बाबा" म्हणाले, त्याची जास्त. तू चर्चच्या मंडळीत ज्याला त्याला खरं सांगत सुटलीस. माझ्या शपथेपुढे तुझं कोण ऐकणार? पाळकांनीही तुलाच दटावलं. महिन्याभरात तू मावशीकडे निघून गेलीस, आणि मी दारापर्यंतसुद्धा आले नाही.

गेल्या महिन्यात बाइंडरकाका दिसले. एका शाळेच्या फाटकावर रखवालदार आहेत. बुटाची नाडी सुटली होती, ती बांधायची धडपड चालली होती. मी वाकून बांधून दिली. त्यांनी विचारलं, "साहेब बरे आहेत ना?" टोमणा नव्हता गं, खरंच काळजीने विचारलं. मी कोपऱ्यापर्यंत कशीबशी गेले आणि भिंतीला धरून ओकले.

आता का लिहिते ते सांगते. पुढच्या रविवारी मंडळी बाबांचा सत्कार करणार आहे, तीस वर्षं मुलांना दहा आज्ञा शिकवल्या म्हणून. शेजारी दोन्ही लेकी हव्यात. तेव्हा मला हुकूम झाला, तिला लिही : ये, आणि पाचवी आज्ञा मोडल्याबद्दल सगळ्यांदेखत माफी माग. मजकूर त्यांनीच सांगितला, मी उतरवून घेतला आणि गॅसवर जाळला. काल मी काकांच्या घरी जाऊन कबुली दिली. काकूंनी मला दारातूनच हाकललं, बरंच केलं. तिथून थेट कामगार कार्यालयात गेले आणि नवा जबाब लिहून दिला. जाळी कुणी काढली, खोटी शपथ कुणी घेतली, सगळं. पाहणारी म्हणून त्यात तुझं नाव आहे. तुला बोलावणं येईल. सत्काराला येऊ नकोस, साक्षीला ये. आणि ताईने काय केलं असं तिथे विचारलं, तर मला पाठीशी घालू नकोस.

म्हणू दिलंस तर अजूनही तुझीच,
ताई