आण्णांना सुनावलं त्याबद्दल विहीणबाईंना

सौ. शरणम्मा विहीणबाईंना लातूरहून गुणाबाईचा शरणु, नमस्कार. मी आन् आपली नात ऋतुजा खुशाल. तुमचा गुडघा, आमच्या व्याह्यांची, आण्णांची शुगर आन् नव्या म्हशीचं दूध कसं हाय ते कळवा. (अक्षराला हसू नका, माझी शाळा दुसरीतच संपली.)

तुम्ही रुसलात हे सूनबाईनं, म्हंजे तुमच्याच लेकीनं, सांगितलं. दिवाळीनंतर इथं क्लाससाठी घेतलेल्या खोलीवर नातीला करून घालायची पाळी तुमची, आन् तुम्ही म्हणता, "त्या बाईच्या जागी मी पाऊल ठेवणार न्हाई." बरोबर हाय तुमचं. पण या येडीकडून कसं झालं ते तर ऐका.

ऋतुजानं मला फोन शिकवला आन् अनोळखी लोकांच्या रिक्वेस्टा यायला लागल्या. मी सगळ्यांना आत घेतलं. भूकंपाच्या साली दारात आलेल्याला आपण नाव-गाव विचारलं होतं का? आधी भाकर वाढली. तीच सवय. मग काय, सकाळी फुलं, दुपारी फुलं, एक जण प्लॉट घ्या म्हणून मागं लागला, एकानं तर "डियर" म्हणलं. (फोटो कवळी घालून काढलेला, त्याची तरी काय चूक!) त्या गर्दीत क्लासचा मेसेज गेला आन् पोरीची डॉक्टरकीची टेस्ट बुडली. ती चिडली. म्हणली, "आज्जे, अनोळखी माणूस दिसला की गपचूप ब्लॉक करायचं. बोलत बसायचं न्हाई."

आता तुम्हीच सांगा, आलेल्याच्या तोंडावर दार लावायचं आन् कारण बी सांगायचं न्हाई, ही काय रीत झाली? म्हणून मी ठरवलं, आधी दोन शब्द समजावून सांगायचं, मग ब्लॉक. आन् पहिलाच आला कोण, तर चंद्रप्पा. फोटोत माणूस न्हाई, नुसतं सूर्यफूल. खाली लिहिलेलं, "जेवण झालं का?" माझं डोस्कंच फिरलं. लिहायला दुपार गेली असती, म्हणून बोलूनच पाठवलं: "का रं मुडद्या, तुझी बायको तुला उपाशी ठेवती का, म्हणून परक्या बाईचं जेवण इचारतोस? पत्ता दे तिचा, तिलाच सांगते!" आन् केलं ब्लॉक. लई समाधान वाटलं. शेजारणीला चहा पाजला.

ते आण्णांनी भर दुकानात, गिऱ्हाइकांपुढं, मोठ्या आवाजात लावलं, हे मला दोन दिसांनी कळलं. पण विहीणबाई, आण्णांचं नाव चंद्रप्पा हे मला कसं ठाऊक असणार? आम्ही सगळे आण्णाच म्हणतो, आन् तुम्ही तर जन्मात नाव घेतलं न्हाई. लग्नात उखाणा घ्या म्हणलं तर "अय्यो" करून स्वयंपाकघरात पळालात. तवा घेतला असता, तर आज हा परसंग आला असता का? (पत्रिकेवर छापलं होतं म्हणू नका. मी पत्रिकेचा फक्त गणपती बघते.)

तरी चूक माझीच. आण्णांच्या पायावर डोकं ठेवते म्हणावं. रुसवा सोडा.

तुमची बिनडोक विहीण,
गुणाबाई

ता. क. ऋतुजानं ब्लॉक काढलाय. आण्णांना म्हणावं परत रिक्वेस्ट पाठवा, पण फोटो सवताचा लावा. सूर्यफुलाशी मी बोलणार न्हाई.

आणखी ता. क. रुसवा सोडा म्हणलं, पण सगळा एकदम नका सोडू. इथं क्लासच्या पोरांच्या आज्ज्यांची भिशी जमली हाय, सांजच्याला आम्ही पाणीपुरी खातो आन् आता कुठं मला तिखट सोसायला लागलंय. पोरीच्या परीक्षेपर्यंत थोडं रागातच राहा. सूनबाईनं इचारलं तर सांगा, गुणाबाईचं बोलणं लई लागलं, इतक्यात तर मी येतच न्हाई.